मंत्रचळ : एका रुग्णेतिहासाचे पुनर्वाचन

१

मानसशास्त्राच्या इतिहासातील काही मोजके रुग्णेतिहास वैद्यकाच्या कक्षेतून निघून वाङ्मयाच्या कक्षेत येऊन स्थिरावले आहेत. त्यांचे वाचन आज वैद्यांपेक्षा समीक्षकच अधिक आवडीने करतात. झिग्मुंड फ्रॉइड यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेला अनिवार्यतेच्या मनोविकारावरील प्रबंध हा त्यांपैकी एक होय. या प्रबंधातील रुग्ण पुढे ‘उंदीर-माणूस’ या नावाने जगप्रसिद्ध झाला. एखाद्या मनुष्यास त्याच्या भयाचेच नाव देऊन टाकावे आणि शंभर वर्षे त्याच नावाने त्यास ओळखावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्याचे खरे नाव संशोधकांनी पुढे उजेडात आणले; परंतु प्रस्तुत विवेचनास त्याची आवश्यकता नाही. आपण त्यास केवळ ‘रुग्ण’ म्हणू.

पदव्युत्तर वर्गात हा प्रबंध शिकविण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर अनेकदा आला आहे. विद्यार्थी तो मोठ्या रसिकतेने वाचतात. शब्दांतून शब्द उलगडत जातात, विसंगत वाटणारे तपशील एका सूत्रात ओवले जातात, आणि शेवटी कोडे सुटल्याचा आनंद वाचकास मिळतो. एकदा मात्र एका विद्यार्थिनीने तास संपता संपता विचारले, “सर, उकल झाली हे समजले, पण तो मनुष्य बरा कशाने झाला?” या प्रश्नास त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय. विकाराचा अर्थ लावणे आणि विकारावर उपचार करणे या दोन क्रिया एकच आहेत काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे. तो केवळ पांडित्याचा नव्हे. कारण ज्यांस हा विकार जडला आहे त्यांची वर्षेच्या वर्षे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

२

प्रथम रुग्णाची हकीकत थोडक्यात पाहू. १ ऑक्टोबर १९०७ रोजी व्हिएन्ना येथे विशीच्या अखेरीस आलेला, कायद्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण फ्रॉइड यांच्याकडे आला. आपल्या वडिलांचे आणि आपण जिच्यावर प्रेम करतो त्या स्त्रीचे काहीतरी भयंकर होईल, हे भय त्यास वर्षानुवर्षे छळीत होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लष्करी सरावाच्या वेळी एका कॅप्टनने त्यास एका क्रूर शिक्षेचे वर्णन ऐकविले होते. उंदीर भरलेले भांडे कैद्याच्या अंगावर उपडे बांधावयाचे, असे त्या शिक्षेचे स्वरूप होते. ऐकताक्षणीच ही शिक्षा आपल्या प्रिय व्यक्तींस भोगावी लागत आहे, अशी कल्पना त्याच्या मनात शिरली व ती काही केल्या जाईना. यातील विलक्षण गोष्ट ही की, त्या प्रिय व्यक्तींपैकी एक, म्हणजे त्याचे वडील, अनेक वर्षांपूर्वीच निवर्तले होते.

याच सुमारास त्याचा चष्मा हरवला होता व नवा चष्मा टपालाने मागविण्यात आला होता. त्याचे ३.८० क्रोनेन एका विशिष्ट लेफ्टनंटास परत करावेत, असे कॅप्टनने सांगितले. रुग्णाने मनोमन तशी शपथ घेतली. वस्तुतः पैसे त्या लेफ्टनंटाने भरलेच नव्हते. ते टपालकचेरीतील एका तरुणीने भरले होते, व ही गोष्ट रुग्णास ठाऊकही होती. तथापि शपथ अक्षरशः पुरी झाली पाहिजे, म्हणून दोन अधिकारी व ती तरुणी यांस एकत्र आणून पैसे हातोहात फिरविण्याची एक गुंतागुंतीची योजना त्याने आखली. आपल्या प्रकृतीसाठी हे कृत्य आवश्यक आहे असे प्रमाणपत्र एखाद्या डॉक्टराकडून मिळवावे, हाही विचार त्याच्या मनात होता. अखेरीस एका मित्राने त्यास शांत केले आणि ती रक्कम टपालकचेरीकडे रवाना झाली.

आणखी दोन प्रसंग येथे नमूद करणे अवश्य आहे. एकदा रस्त्यात पडलेला दगड त्याने उचलून बाजूस टाकला. कारण प्रिय स्त्रीची गाडी थोड्या वेळाने त्या वाटेने जाणार होती व दगडामुळे तिला अपघात होईल असे त्यास वाटले. काही मिनिटांनी हे सारे त्यास हास्यास्पद वाटले, म्हणून तो परत गेला आणि दगड पूर्वीच्या जागी ठेवून आला. दुसरा प्रसंग प्रार्थनेचा. ईश्वराने अमुक व्यक्तीचे रक्षण करावे, एवढीच त्याची साधी प्रार्थना असे. परंतु तिच्या मध्येच एक ‘न’ घुसे आणि रक्षणाची प्रार्थना अभद्राची प्रार्थना होऊन बसे. मग प्रार्थना पुन्हा आरंभापासून म्हणावयाची. असे करता करता एकेका वेळी दीड तास निघून जाई. पुढे त्याने प्रार्थनांच्या आद्याक्षरांतून एक छोटा निरर्थक मंत्रच तयार केला व तो इतक्या त्वरेने म्हणावयाचा परिपाठ ठेवला की, मध्ये काही शिरण्यास अवसरच राहू नये. तेथेही काहीतरी शिरलेच.

३

या विकारास मराठीत ‘मंत्रचळ’ असे नाव रूढ झाले आहे. शास्त्रीय परिभाषेत त्यासाठी इतरही जोडशब्द घडविले गेले. परंतु त्यांपैकी एकही या शब्दाइतका बोलका नाही. मंत्राच्या उच्चारणात चूक घडल्यामुळे साधकाच्या चित्ताला चळ लागतो, या समजुतीतून तो आला आहे. या शब्दाच्या पाठीशी एक जुनी कथा उभी आहे. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. पण ‘इंद्रशत्रु’ या शब्दातील स्वर चुकला, समास पालटला, आणि इंद्रास मारणाऱ्याऐवजी इंद्राकडून मारला जाणारा वृत्र जन्मास आला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच व्याकरणाध्ययनाचे प्रयोजन सांगताना या कथेचा निर्देश केला आहे. एका स्वराने मागणीचा अर्थ नेमका उलटा व्हावा, हेच भय व्हिएन्नातील तो तरुण आपल्या प्रार्थनेत भोगीत होता. त्याने त्वष्ट्याची कथा ऐकली असण्याचे कारण नाही. तरीही मराठी शब्दाने जे चित्र उभे केले आहे, ते त्याच्या दीड तासाच्या प्रार्थनेस तंतोतंत लागू पडते.

तथापि या शब्दाचे कौतुक करून थांबता येत नाही. ‘मंत्रचळ’ हा शब्द रोगाचे वर्णन अचूक करतो. पण त्याने सुचविलेली कारणमीमांसा फसवी आहे. चूक झाली म्हणून चळ लागला, असे तो सांगतो. म्हणजे चूक टाळली असती तर चळ टळला असता! रुग्णाचीही नेमकी हीच समजूत असते. आणखी एकदा नीट म्हणावे, आणखी एकदा नीट धुवावे, आणखी एकदा कडी ओढून पाहावी, म्हणजे सारे ठीक होईल, अशी त्याची श्रद्धा असते. वस्तुस्थिती उलट आहे. चुकीमुळे विकार जडत नाही. चूक मुळीच राहू न देण्याच्या धडपडीमुळे विकार पोसला जातो. शब्दाने रुग्णाचे दुःख नेमके टिपले, परंतु त्या दुःखाचे रुग्णाने दिलेले स्पष्टीकरणही त्याबरोबर स्वीकारले, असे म्हणणे युक्त होईल.

४

फ्रॉइड यांच्या प्रबंधासंबंधी नेमका हाच प्रश्न विचारावयास हवा. रुग्णाचे निरीक्षण आणि त्या निरीक्षणाचे स्पष्टीकरण यांत आपण भेद करतो काय?

निरीक्षणाच्या बाबतीत हा प्रबंध आजही श्रेष्ठ आहे, याविषयी दुमत होऊ नये. फ्रॉइड यांच्यापूर्वी एस्किरॉल यांनी १८३८ साली अशा रुग्णांचे वर्णन केले होते. वेस्टफाल यांनी १८७७ साली विचारांच्या अनिवार्यतेची व्याख्या केली होती. आणि पिएर जाने यांनी १९०३ च्या आपल्या बृहद्ग्रंथात, केलेली कृती पुरी झालीच नाही असे सतत वाटावयास लावणारी अपूर्णतेची जाणीव विशद केली होती. परंतु दगड उचलणे आणि तो परत ठेवणे या दोन कृतींत एकाच मनाचे दोन विरुद्ध हेतू एकामागून एक कसे प्रकट होतात, हे फ्रॉइड यांनी ज्या बारकाईने दाखविले तसे पूर्वी कोणी दाखविले नव्हते. आपल्या विचारांत घटना घडविण्याचे सामर्थ्य आहे अशी जी रुग्णाची समजूत, तिला त्यांनी ‘विचारांची सर्वसमर्थता’ म्हटले. आणि हा शब्दप्रयोग खुद्द रुग्णाचाच आहे, हे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले. १९९६ साली शाफ्रान, थॉर्डार्सन व रॅकमन यांनी विचार व कृती यांच्या एकरूपतेची जी संकल्पना मापनयोग्य स्वरूपात मांडली, तिचे मूळ या रुग्णाच्या वाक्यात सहज ओळखता येते.

आता स्पष्टीकरणाकडे वळू. उंदरांच्या कल्पनेची उकल फ्रॉइड यांनी मुख्यतः शब्दांच्या साहचर्यातून केली. जर्मन भाषेत उंदीर व हप्ता या अर्थांचे शब्द जवळजवळ सारखे आहेत. जुगाऱ्यास उंदरावरून नाव आहे, व रुग्णाच्या वडिलांनी लष्करात असताना पत्त्यांत पैसे गमावून कर्ज केले होते. विवाह करणे या क्रियापदातही तोच ध्वनी ऐकू येतो, आणि विवाह कोणाशी करावा हाच रुग्णापुढील पेच होता. या सर्वांच्या बुडाशी वडिलांविषयीचे प्रेम व द्वेष यांचा न सुटणारा संघर्ष आहे, असा त्यांचा निष्कर्ष. ही उकल होताच उंदरांचे भय नाहीसे झाले, असे प्रबंध सांगतो. रुग्णाचे व्यक्तिमत्त्व पूर्णपणे पूर्ववत झाले, असेही सांगतो.

शब्दांच्या या जाळ्याने वाङ्मयाच्या अभ्यासकास मोह पडावा, हे स्वाभाविक आहे. कारण श्लेष, ध्वनी, अनुप्रास ही त्याचीच साधने होत. परंतु मोह पडला म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही. सुदैवाने या रुग्णेतिहासाच्या बाबतीत पाठचिकित्सेचे एक दुर्मीळ साधन उपलब्ध आहे. प्रबंध लिहून झाला की त्याची टिपणे नष्ट करावयाची, असा फ्रॉइड यांचा परिपाठ होता. परंतु या रुग्णाच्या पहिल्या साडेतीन-चार महिन्यांची रोजची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडली. १९५५ साली त्यांचा मोठा भाग इंग्रजी प्रमाण आवृत्तीत प्रसिद्ध झाला, आणि १९७४ साली पॅरिस येथे ती मूळ जर्मन पाठासह संपूर्ण छापली गेली.

टिपणे व प्रबंध शेजारी ठेवून वाचली असता काय दिसते? १९६६ साली एलिझाबेथ झेट्झेल यांनी दाखवून दिले की, टिपणांत वारंवार येणारी रुग्णाची आई प्रबंधातून जवळजवळ अदृश्य झाली आहे. पितृसंघर्षाच्या सूत्रात जे बसत नव्हते ते मागे पडले, असा याचा अर्थ होतो. पॅट्रिक माहनी यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात याहून पुढे जाऊन घटनांचा क्रम, उपचाराचा कालावधी व त्याचे फळ यांसंबंधीच्या प्रबंधातील विधानांवर गंभीर आक्षेप घेतले. प्रबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी फ्रॉइड यांनी युंग यांस लिहिलेल्या पत्रात, हा मनुष्य धैर्याने जीवनास सामोरा जात आहे, परंतु एक गोष्ट त्यास अद्याप त्रास देते, असे म्हटले आहे. पूर्ण पुनःस्थापना आणि हे पत्र यांचा मेळ घालणे कठीण आहे. पुढील हकीकत पाहण्याचा मार्गही लवकरच बंद झाला. रुग्ण पहिल्या महायुद्धात मरण पावला.

याहून महत्त्वाची एक गोष्ट टिपणांत आहे आणि प्रबंधात नाही. एके दिवशी रुग्ण भुकेला होता, व फ्रॉइड यांनी त्यास जेवू घातले. टिपणात ती नोंद दोन-चार शब्दांत आली आहे. प्रबंधात फ्रॉइड यांनी एवढे मात्र सांगितले आहे की, आपण त्याच्याविषयी चांगले मत व्यक्त केले तेव्हा तो स्पष्टपणे आनंदित झाला. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे आपण येथे परत येतो. रुग्णास आराम पडला असेल, तर तो उकलीने पडला, की आपणास राक्षस न मानता आपले सर्वांत लाजिरवाणे विचार ऐकून घेणाऱ्या एका विद्वान माणसाच्या सहवासाने पडला? एकाच रुग्णाच्या इतिहासावरून हा निवाडा करता येत नाही. फ्रॉइड यांनी तो केला, हा या प्रबंधाचा मूलभूत दोष होय.

५

फ्रॉइड यांस न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, या निवाड्याविषयी ते स्वतःच पुढे साशंक झाले. १९१८ साली बुडापेस्ट येथे दिलेल्या व पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्यांनी म्हटले की, या विकाराच्या तीव्र रुग्णांत विश्लेषण नुसते चालू ठेवले तर ते कधीच संपत नाही. त्यातून पुष्कळ काही उजेडात येते, पण काहीच बदलत नाही. १९२६ साली त्यांनी हा विकार संशोधनास सर्वांत फलदायी असला तरी एक समस्या म्हणून तो अद्याप हाती आलेला नाही, असे मान्य केले. १९०९ चा आत्मविश्वास व १९२६ ची कबुली यांच्यामधील अंतर आमच्या अभ्यासक्रमांत क्वचितच शिकविले जाते.

विश्लेषण का संपत नाही, याचे कारण रुग्णाच्या हकीकतीतच आहे. मनात दुष्ट विचार आला की तो एका मित्राकडे जाई व आपण गुन्हेगार आहोत म्हणून तू माझा तिरस्कार करतोस काय, असे विचारी. मित्र त्यास दिलासा देई. थोड्या वेळाने शंका परत येई. दिलासा मिळविणे हीच येथे हात धुण्यासारखी एक कृती झाली होती. अशा मनुष्यास प्रत्येक विचाराचा अर्थ शोधण्याचे निमंत्रण दिले, तर अर्थ शोधणे हेच त्याचे नवे कर्मकांड होऊ शकते. ‘हा विचार मला का आला?’ हा प्रश्न तो पूर्वीपासूनच दिवसभर स्वतःस विचारीत असतो. त्यास आता शास्त्राची संमती मिळते, एवढेच!

झेट्झेल यांचा लेख ज्या १९६६ साली निघाला, त्याच साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरील उपचाराचा एक छोटासा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्या वस्तूंचे वा विचारांचे भय वाटते त्यांस रुग्णाने सामोरे जावे, आणि भय शमविण्यासाठी जी कृती तो करतो ती त्यास करू देऊ नये, एवढीच मायर यांची पद्धती होती. परिचारिका रुग्णाजवळ राहून त्यास कृतीपासून परावृत्त करीत. यापूर्वी सर्वांची समजूत अशी होती की, कृती अडविली तर रुग्णाचे भय अनावर होईल. तसे झाले नाही. कृती केली नाही तरी भाकीत केलेले अनर्थ घडत नाहीत, हे रुग्णास स्वतःच्या अनुभवाने कळू लागले. पुढील दशकात लंडनमध्येच रॅकमन, हॉजसन व मार्क्स यांनी ही पद्धती अधिक व्यवस्थित केली. आणि सक्तीच्या देखरेखीची जागा रुग्णाच्या संमतीने, त्याच्याबरोबर बसून आखलेल्या पायऱ्यांनी घेतली. हा बदल केवळ सौजन्याचा नाही. जो धीर दुसऱ्याने लादला तो रुग्णालयाच्या दारापाशी संपतो. स्वतः पत्करलेला धीर घरापर्यंत येतो.

१९७८ साली रॅकमन व डि सिल्व्हा यांनी दाखविले की, ज्यांस कोणताही विकार नाही अशा बहुसंख्य माणसांच्या मनातही असेच अभद्र, हिंसक वा निंद्य विचार अवचित येऊन जातात. आशयावरून ते रुग्णांच्या विचारांपासून सहज वेगळे काढता येत नाहीत. भेद पडतो तो त्यांच्या वारंवारतेत, तीव्रतेत आणि त्यांस आवर घालण्याच्या धडपडीत. १९८५ साली सॅल्कोव्हस्किस यांनी याचा पुढचा दुवा जोडला. विचार मनात आला म्हणजे अनर्थ टाळण्याची सारी जबाबदारी आपल्यावर आली, असा जो अर्थ रुग्ण काढतो, त्यातून कृतीची अनिवार्यता जन्मते. रस्त्यातील दगड दिसल्यावर तो उचलला नाही तर अपघातास आपण जबाबदार, ही त्या तरुणाची तर्कपद्धती येथे स्पष्ट होते. आणि त्यासाठी त्याच्या बालपणातील गुप्त गोष्टींचा आधार घ्यावा लागत नाही.

औषधांचा विचारही येथे करणे अवश्य आहे. क्लोमिप्रामीन या औषधास १९८९ साली अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळाली. त्यानंतर सेरोटोनिनवर कार्य करणारी फ्लुऑक्सेटिन, फ्लुव्होक्सामीन, सर्ट्रालीन यांसारखी औषधे प्रचारात आली. नैराश्याच्या मानाने येथे बहुधा अधिक मात्रा व अधिक आठवडे लागतात, आणि पुष्कळांस आराम अंशतःच पडतो. १९९२ साली बॅक्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका लहानशा अभ्यासात असे आढळले की, औषधाने बरे वाटलेल्या आणि वर्तनोपचाराने बरे वाटलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांत मेंदूतील कॉडेट या भागाच्या चयापचयात सारखा बदल झाला होता. शरीर की मन, या जुन्या वादात एक बाजू घेऊन बसणाऱ्यांनी या निष्कर्षाचे मनन करावे.

६

शेवटी आपल्या समाजाशी निगडित असलेल्या एका प्रश्नाचा विचार केला पाहिजे. मंत्रचळाचे अनेक रुग्ण आपल्याकडे रुग्ण म्हणून ओळखलेच जात नाहीत. तासन्‌तास स्नान करणारी स्त्री ‘फार सोवळ्याची’ ठरते. जप मोडला म्हणून पहाटेपासून पुन्हा आरंभ करणारा गृहस्थ ‘फार नेमाचा’ ठरतो. उलट, आधुनिक शिक्षण घेतलेला मनुष्य हे सारे आपल्या कर्मकांडाचेच फळ आहे, असे म्हणून मोकळा होतो. दोन्ही मते चुकीची आहेत.

फ्रॉइड यांनी १९०७ च्या एका निबंधात अनिवार्य कृती व धर्मविधी यांतील साम्य दाखविले, आणि या विकारास एक प्रकारचा खाजगी धर्म मानले. साम्य आहे हे खरे. पण भेद अधिक बोधप्रद आहे. विधीला शेवट असतो. व्रताचे उद्यापन होते, होमाची पूर्णाहुती होते, सुतक ठराविक दिवशी फिटते. इतकेच नव्हे, तर चूक होणारच हे परंपरेने गृहीत धरलेले आहे. पूजेच्या अखेरीस मंत्रात, क्रियेत व भक्तीत जे न्यून राहिले असेल ते देवाने पूर्ण मानून घ्यावे, अशी क्षमायाचना केली जाते. ज्या वस्तूचा दोष दृष्टीस पडलेला नाही ती शुद्धच मानावी, असे मनुस्मृतीही सांगते. म्हणजे दोष शोधीत बसण्याचे कर्तव्य तिने कोणावर लादलेले नाही. इंद्रशत्रूच्या कथेने जे भय उभे केले, त्यावर परंपरेने स्वतःच असा उतारा दिला आहे. मंत्रचळाच्या रुग्णास हा उतारा घेता येत नाही. तो क्षमायाचनाही चुकली म्हणून पुन्हा म्हणतो! धर्माचे रूप विकाराने उसने घेतलेले असते. पण धर्माने दिलेली सुटका मात्र त्याने टाकून दिलेली असते.

याचा अर्थ शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांचे समर्थन करावयाचे असा नव्हे. याच विटाळाच्या कल्पनेने या देशात लक्षावधी माणसांस पाण्यापासून व देवळापासून दूर ठेवले; तो विकार नव्हता, अन्याय होता, आणि त्यास रोगाचे नाव देऊन समाजाची सुटका होत नाही. येथे सांगावयाचे ते एवढेच की, व्यक्तीचा विकार ओळखण्याची कसोटी तिच्या कृतीच्या आशयात नाही. कृती धार्मिक आहे की लौकिक, हे विचारून काही निष्पन्न होत नाही. दिवसाचे किती तास त्यात जातात, त्यातून किती क्लेश होतात, आणि थांबावेसे वाटूनही थांबता येते की नाही, हेच विचारावयास हवे. प्रचलित निदानपद्धती दिवसातील एका तासाहून अधिक वेळ ही एक खूण मानते ती याच दृष्टीने. व्हिएन्नातील त्या तरुणाची दीड तासाची प्रार्थना या कसोटीवर लगेच ओळखू येते. उंदरांपर्यंत जाण्याची गरजही पडत नाही.

त्या विद्यार्थिनीस आता असे उत्तर देता येईल : तो तरुण पूर्ण बरा झाला किंवा नाही, हे या प्रबंधावरून निश्चित सांगता येत नाही. फ्रॉइड यांनी त्याची भाषा जितकी नीट ऐकली तितकी त्यापूर्वी कोणी ऐकली नव्हती, आणि त्या ऐकण्यात काही उपचार खचितच होता. परंतु अर्थ उकलला म्हणून विकार सुटतो, हा त्यांचा सिद्धान्त या रुग्णाने सिद्ध केलेला नाही. आजचा कुशल चिकित्सक त्या तरुणास प्रार्थना एकदाच म्हणावयास सांगील, आणि मध्ये ‘न’ शिरला तर तो तसाच राहू द्यावयास सांगील. ज्यास प्रत्येक अक्षर सुधारल्यावाचून राहवत नाही, त्यास एक चूक तशीच सोडून उठणे किती अवघड जात असेल, याची कल्पना विकार नसलेल्यास सहसा येणार नाही. तेवढे धैर्य रुग्णाच्या ठायी यावे म्हणून त्याच्याजवळ बसणे, हेच उपचाराचे काम आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या रुग्णेतिहासाकडे पुन्हा वळताना, सुटलेल्या कोड्याबरोबरच त्या न सुटलेल्या ‘न’चेही स्मरण ठेवावे, एवढीच अपेक्षा आहे.